तेरड्याच्या रंगापासून जेलच्या थरापर्यंत

गौरीच्या आगमनाला तेरडा लागतो. पुष्कळ घरांत तेरड्याची रोपे मुळांसकट आणून, त्यांची जुडी बांधून तिचीच गौर बसवतात. फुलांचा रंग लवकर उतरतो म्हणून ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी म्हणही आपल्याकडे पडली. पण हाच तेरडा चीन आणि कोरियातल्या मुली शतकानुशतके नखे रंगवायला वापरत आल्या आहेत. फुले तुरटीबरोबर ठेचायची, तो लगदा नखावर ठेवून पानाने बांधायचा आणि रात्रभर तसेच झोपायचे. सकाळी नख केशरी-तांबडे झालेले असते. चिनी भाषेत या फुलाला ‘नखाचे फूल’ असे एक नावच आहे. कोरियात अशी समजूत आहे की उन्हाळ्यात रंगवलेल्या नखावर पहिला बर्फ पडेपर्यंत रंग उरला, तर मुलीचे पहिले प्रेम सफळ होते. म्हणीतला तीन दिवसांचा रंग नखावर असा काही महिने टिकतो.

आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेल्या तीन पिढ्यांचे हात आठवून पाहा. आजीच्या बोटांवर मेंदी, आईच्या बोटांवर बाटलीतले नेलपॉलिश आणि नातीच्या बोटांवर दिव्याखाली घट्ट केलेले जेल. जेलची नखे दोन-तीन आठवडे जशीच्या तशी चकाकतात. भांडी घासली, कणीक मळली तरी टवका उडत नाही. मग घरात वाद निघतो. आजी म्हणते, नखे खराब होतील. नात म्हणते, काही होत नाही, सगळ्याजणी लावतात. दोघींच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. कोणाचे कुठे बरोबर आहे, हे जेल बोटापर्यंत कोणत्या वाटेने आले ते पाहिले की कळते.

आपल्या परंपरेतले नख

नखांच्या सौंदर्याची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त चांगल्या नखाची लक्षणे सांगितली आहेत. नख उजळ असावे, मळलेले नसावे, चिरलेले नसावे, वाढते असावे, मऊ आणि तुळतुळीत दिसावे. त्याच ठिकाणी प्रांतवार नखांचे वर्णन येते, आणि आपल्याला मौज वाटावी असे आहे. गौड देशीच्या लोकांची नखे लांब, हाताला शोभा आणणारी. दक्षिणेकडच्यांची आखूड, कामाला टिकणारी. आणि महाराष्ट्रीयांची मध्यम, म्हणून दोन्ही गुण सांभाळणारी. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलो तरी हे प्रशस्तिपत्र आपण आपलेच मानायला हरकत नाही.

वैद्यकाचा भर अर्थातच स्वच्छतेवर होता. चरकसंहितेत पंधरवड्यातून तीन वेळा केस, दाढी आणि नखे काढावीत असे सांगितले आहे. सुश्रुताने रोग्याला पाहायला निघालेल्या वैद्याने नखे व केस बारीक ठेवावेत, शुचिर्भूत असावे आणि पांढरी वस्त्रे ल्यावीत असे म्हटले आहे. पुढे घरोघरी हे काम न्हाव्याच्या नराणीने केले. तिन्हीसांजेला नखे काढू नयेत, असे वडीलधारी माणसे सांगत. कंदिलाच्या उजेडात धारदार नराणी जिव्हाळीला लागण्याचा धोका होताच. नखाखालच्या हळव्या मांसाला मराठीत ‘जिव्हाळी’ म्हणतात. हा शब्द आता कानावर कमी येतो, पण पुढच्या हकिकतीत तो लागणार आहे.

शृंगारासाठी आपल्याकडे मेंदी होती आणि आळता होता. माळव्यात आळत्याला महावर म्हणतात. मेंदीच्या पानातले रंगद्रव्य नखातल्या केराटिन या प्रथिनाशी संयोग पावते, म्हणून रंग नखात मुरतो. तळहातावरची मेंदी आठ-दहा दिवसांत फिकी होते, कारण तिथली कातडी झडून जाते. नखावरची मेंदी मात्र झडत नाही. ती नखाबरोबर पुढे सरकते आणि शेवटी टोकाला तांबडी कोर उरते. लग्नाला चार महिने झालेल्या मुलीच्या बोटांवर ही कोर आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

नखाची वाढ मोजण्याची याहून सोपी पट्टी नाही. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला सुमारे सहा महिने लागतात, आणि पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्षसुद्धा. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखाची वाढ तब्बल ३५ वर्षे मोजली आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध केली. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, ६७ व्या वर्षी ०.०९५ मिलिमीटर. आजीच्या नखाला झालेली इजा नातीच्या नखापेक्षा उशिरा भरून येते, ती यामुळे.

मोटारीचा रंग बोटावर

आधुनिक नेलपॉलिशचा जन्म कारखान्यातला आहे. पहिल्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोजपासून झटपट वाळणारे रंग बनू लागले. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारगाड्यांना ते दिले जाऊ लागले, कारण जुने रंग वाळायला दिवसच्या दिवस लागत. हाच प्रकार छोट्या बाटलीत शिरला. १९३२ मध्ये न्यूयॉर्कला चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि चार्ल्स लॅकमन या रसायनज्ञाने नेलपॉलिशवरच ‘रेव्हलॉन’ ही कंपनी उभी केली. नावातला ‘ल’ लॅकमनचा. भारतात १९५२ मध्ये टाटांच्या छत्राखाली ‘लॅक्मे’ सुरू झाली आणि मध्यमवर्गीय घराच्या फडताळात नेलपॉलिशची बाटली आली.

या रंगाची रीत मेंदीहून निराळी होती. मेंदी नखात मुरते, तर नेलपॉलिश नखावर थर होऊन बसते. त्यातला द्राव उडून गेला की पापुद्रा उरतो. पापुद्र्याची नखाशी फारशी सलगी नसते, म्हणून चार दिवसांत टवके उडतात आणि कापसाच्या बोळ्याने तो पुसूनही निघतो. लोकांची तक्रार हीच होती की रंग टिकत नाही.

दंतवैद्याचे तुटलेले नख

टिकाऊपणा आला तो दंतवैद्याच्या खोलीतून. १९३० च्या दशकात मिथाइल मेथॅक्रिलेटपासून बनणारे अ‍ॅक्रिलिक कवळ्यांसाठी वापरात आले. पूड आणि द्राव एकत्र केले की लगदा दगडासारखा घट्ट होई. १९५४ मध्ये फिलाडेल्फियाचे दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांचे काम करताना नख तुटले. हाताशी कवळीचे साहित्य होतेच. त्यांनी त्याचाच तुकडा घडवून नखाला जोडला. तो जमला आणि कृत्रिम नखांचा धंदा सुरू झाला.

अपायही लगेच दिसला. १९५६ मध्येच कृत्रिम नखांच्या अ‍ॅक्रिलिकमुळे होणाऱ्या त्वचादाहाची नोंद अमेरिकेतल्या त्वचारोगांच्या नियतकालिकात आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नखे वेडीवाकडी होण्याच्या आणि कातडीला दाह होण्याच्या तक्रारी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. प्रशासनाने शंभर टक्के मिथाइल मेथॅक्रिलेट असलेल्या द्रावांवर कोर्टामार्फत कारवाई केली. हे अ‍ॅक्रिलिक इतके कडक असते की बोट कुठे अडकले तर कृत्रिम नख मोडत नाही, खालचे खरे नखच उपटून येते.

इथे इतिहासाला वळण मिळाले. मेंदी मुरत होती, नेलपॉलिश बसत होते, आणि आता पहिल्यांदाच नखाला काहीतरी पक्के जोडले जात होते. पुढच्या सगळ्या सोयी आणि सगळ्या तक्रारी या सांध्यातून निघाल्या आहेत.

दिव्याखालची मात्रा

१९७० च्या सुमारास दंतवैद्यकात आणखी एक युक्ती आली. दाढांच्या खाचा बुजवण्यासाठी असा लेप निघाला की जो अतिनील प्रकाश पडेपर्यंत पातळ राहतो आणि प्रकाश पडला की घट्ट होतो. १९८० च्या दशकात याच तत्त्वावरची जेल नखांसाठी बाजारात आली. जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट कुळातले छोटे रेणू आणि प्रकाशाने फुटणारे एक चेतक द्रव्य असते. दिव्याखाली हात ठेवला की चेतक फुटतो, रेणू एकमेकांचे हात धरतात आणि मिनिटभरात जाळे विणले जाते. त्यात वाळण्याचा प्रश्नच नसतो, कारण उडून जाण्यासारखे फारसे काही नसते.

२०१० मध्ये अमेरिकेत बाटलीतल्या कुंच्याने लावायचे जेल पॉलिश ‘शेलॅक’ या नावाने आले आणि जगभर पसरले. शेलॅक हा इंग्रजी शब्द आपल्या ‘लाख’ या शब्दावरून आलेला. जुना आळता लाखेच्याच रंगाचा. मात्र या बाटलीत लाखेचा कणही नाही. लाखेच्या नावाने बाटलीत बसली आहेत ती अ‍ॅक्रिलेटच्याच गोत्रातली रसायने.

नखाला नेमके काय होते

एक गैरसमज आधी दूर करू. ‘नखाला श्वास घेऊ दे’ असे पार्लरमध्येही सांगतात. नख श्वास घेत नाही. जे नख आपल्याला दिसते ते मेलेल्या पेशींच्या चपट्या थरांचे, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे पान आहे. त्याला लागणारे सगळे पोषण कातडीखालच्या नखमुळाशी रक्तातून मिळते. जेल लावल्याने नख गुदमरते, ही नुसती कल्पना आहे. जेल निमूटपणे बसून असते तेव्हा खालच्या नखाला ते फारसे काही करत नाही. इजा होते ती लावताना आणि काढताना.

लावण्याआधी जेल नीट धरावे म्हणून नख घासून खडबडीत करतात. घासणारा हात हलका असेल तर ठीक. यंत्राची फिरती कानस जोरात चालली तर नखाचे थर झिजतात आणि जिव्हाळी जवळ येते. गरम पाण्यात हात घालताना चटका बसतो तो त्यामुळे. काही जणींना दिव्याखाली एकदम भाजल्यासारखे होते, तेही पातळ झालेल्या नखावर जास्त. रेणूंची साखळी जुळताना उष्णता बाहेर पडते आणि पातळ नख ती अडवू शकत नाही.

काढतानाचे नुकसान याहून मोठे असते. कडेने जेल थोडे सुटले की बोटाला चाळा लागतो. दुसऱ्या नखाने उचकटले की जेलबरोबर नखाचा वरचा पापुद्रा निघून येतो. मग पांढरे, खरखरीत डाग दिसतात. घरी त्यांना ‘कॅल्शियम कमी झाले’ म्हणतात, पण त्यांचा कॅल्शियमशी संबंध नाही. ती सोललेली जागा असते. अ‍ॅसिटोनमध्ये बोटे बुडवून मग खरवडले तरी नख कोरडे आणि चिरके होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी पाहणीत जेल काढल्यानंतर नख पातळ झाल्याचे अल्ट्रासाउंडने मोजून दाखवले होते.

तिसरा प्रकार जेल आणि नख यांच्या मधल्या फटीचा. तिथे पाणी साचते आणि ओलीत वाढणारे जंतू शिरतात. अशा वेळी नख हिरवट दिसू लागते. वरून लाल रंग असला तर ते दिसतही नाही. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी ही तर निसर्गाने लावलेली लाखच; ती पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही. सुबक दिसावे म्हणून ती कापून टाकली की नखुरड्याला दार उघडे होते.

‘हेमा’ नावाची पाहुणी

नखाची इजा सहा महिन्यांत वाढून निघून जाते. एक अपाय मात्र कायमचा राहू शकतो, आणि आजीच्या काळजीला खरा आधार आहे तो इथेच. पुष्कळ जेलमध्ये हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेट असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे लघुनाम ‘हेमा’ असे होते. नाव घरातल्या मुलीचे वाटते, स्वभाव तसा नाही. घट्ट झालेल्या जेलमध्ये ते जाळ्यात अडकलेले असते आणि सहसा त्रास देत नाही. पण पातळ जेल कातडीला लागले, किंवा दिवा कमी पडून जेल अर्धवट कच्चे राहिले, तर हे बारीक रेणू कातडीत शिरतात. असे वारंवार झाले की शरीर त्यांना शत्रू मानू लागते. बोटांच्या टोकांना खाज येते, भेगा पडतात, नख मांसापासून सुटते. कधी पुरळ पापण्यांवर किंवा मानेवर उठते आणि कारण बोटात आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. तिचा परिणाम नखापुरता थांबत नाही. दाताच्या फिलिंगला लागणाऱ्या चिकट द्रव्यात, कृत्रिम सांधा बसवताना वापरल्या जाणाऱ्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या काही उपकरणांच्या चिकटपट्ट्यांत याच कुळातली रसायने असतात. विशीत हौसेने लावलेल्या जेलचा हिशेब साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पुढे येऊ शकतो.

अमेरिकेतल्या त्वचा-अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये अ‍ॅक्रिलेटना ‘वर्षाचे अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले. २०१८ मध्ये ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने इशारा दिला. अ‍ॅलर्जीसाठी तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्क्यांना या कुळातल्या निदान एका रसायनाची अ‍ॅलर्जी निघाली होती. युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने हेमा असलेली जेल फक्त प्रशिक्षित कारागिरांच्या वापरापुरती ठेवली. १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधल्या ‘टीपीओ’ या चेतक द्रव्यावर तिथे बंदी आली.

सर्वांत जास्त झळ कारागीर मुलींना बसते. गिऱ्हाइकाच्या बोटाला जेल महिन्यातून एकदा लागते. लावणाऱ्या मुलीच्या बोटाला रोज दहा वेळा. पातळ रबरी हातमोज्यांतून हे रेणू काही मिनिटांत आरपार जातात, म्हणून नुसता मोजा घालून भागत नाही. आपल्या ओळखीपाळखीच्या कितीतरी मुलींनी हा कोर्स करून घरच्या खोलीत काम सुरू केले आहे. त्यांच्या पोटाचा प्रश्न या बोटांवर उभा आहे, आणि अ‍ॅलर्जी झाली तर धंदाच सोडावा लागतो.

दिव्याच्या प्रकाशाबद्दलही विचारले जाते. यूव्ही असो वा एलईडी, दोन्ही दिव्यांतून जेल घट्ट करणारे किरण निघतातच. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी बशीतल्या पेशींवर हे किरण सोडले, तेव्हा वीस मिनिटांत वीस ते तीस टक्के पेशी मेल्या आणि उरलेल्यांच्या जनुकांत बिघाड आढळले. बशीतल्या पेशींवर कातडीचे कवच नसते आणि पार्लरमध्ये वेळही कमी असतो, त्यामुळे यावरून लगेच घाबरण्याचे कारण नाही. पण हाताला आधी सनस्क्रीन लावणे किंवा बोटांची टोके उघडी ठेवणारे मोजे घालणे काही अवघड नाही.

घरातल्या वादाचा निवाडा

मग आजी बरोबर की नात? जेल लावले म्हणून नख आपोआप खराब होत नाही, एवढ्यापुरती नात बरोबर. पण जोडलेली वस्तू काढताना खालचे दुखावते आणि कातडीला लागलेले कच्चे जेल आयुष्यभराची अ‍ॅलर्जी देऊ शकते, एवढ्यापुरती आजी बरोबर. यातून घरात पाळण्यासारखे चार नियम निघतात.

ऑनलाइन मागवलेली स्वस्त संचिका घरी वापरू नये. दिवा एका कंपनीचा आणि जेल दुसऱ्या कंपनीचे असले की जेल कच्चे राहते. पार्लरमध्ये ‘हेमा आहे का?’ असे स्पष्ट विचारावे, जेल कातडीला लागले तर दिव्याखाली हात घालण्याआधी ते पुसायला लावावे, आणि मुळाशी असलेली कातडी कापू देऊ नये. जेल उचकटू नये. वरचा चकाकीचा थर हलकेच घासून, अ‍ॅसिटोनचा बोळा दहा-पंधरा मिनिटे बांधून ते सैल करावे आणि नंतर खोबरेल तेल चोळावे. खाज, सूज किंवा नख सुटल्याचे दिसले तर वरून नवे जेल चढवून झाकू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

डॉक्टर आजही नाडी पाहण्याआधी नखाकडे नजर टाकतात. रक्त कमी असेल तर नख फिकट दिसते, प्राणवायू कमी असेल तर निळसर. मोठ्या आजारानंतर नखावर आडवी खाच उमटते, ती जोसेफ बो या फ्रेंच वैद्याने १८४६ मध्ये वर्णन केली आणि आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी नखे कोरी करून या, असे सांगतात ते याचसाठी. वर्षभर रंगाखाली झाकलेले नख आपल्याला काही सांगू शकत नाही.

म्हणून सणाला, लग्नाला जेल जरूर लावावे, पण दोन वेळांच्या मध्ये काही आठवडे नख कोरे ठेवून त्याच्याकडे नीट पाहावे. वात्स्यायनाने आपल्या लोकांच्या नखांना मध्यम म्हटले होते, शोभा आणि काम दोन्ही सांभाळणारी. यंदा गौरीच्या दिवशी तेरडा घरी येईलच. चार फुले बाजूला काढून, चिमूटभर तुरटीबरोबर ठेचून नातीच्या करंगळीला बांधून पाहायला काय हरकत आहे? रंग किती चढला ते सकाळी कळेल, आणि नख किती भराभर वाढते ते संक्रांतीपर्यंत.